पंडिता रमाबाई आणि धर्मशिक्षणातील आज्ञा

इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील नर्मदाखोरे होरपळून निघाले. जबलपूर, दमोह, सागर या जिल्ह्यांना त्याची झळ विशेष लागली. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० पासून जबलपुरावरून जात होता, म्हणजे धान्य येण्याची वाट बंद नव्हती. ते विकत घेण्याचे सामर्थ्य मात्र खेड्यापाड्यांत उरले नव्हते. सरकारी अन्नछत्रांतून आणि मदतीच्या कामांवरून जी निराधार माणसे गोळा झाली त्यांत विधवा व पोरक्या मुली पुष्कळ होत्या. पुण्याहून मध्य प्रांतात गेलेल्या पंडिता रमाबाईंनी त्यांतल्या सुमारे तीनशे मुली आणि तरुण विधवा आपल्या आश्रयाखाली घेतल्या. यांपैकी बहुतेकींची बोली मराठी नव्हती. त्यांना एका अनोळखी मुलखात, अनोळखी भाषेच्या आणि अनोळखी धर्माच्या छायेत राहावयाचे होते. तेथे पहाटेपासून रात्रीपर्यंतचा प्रत्येक प्रहर कोणीतरी आखून ठेवलेला होता.

ज्या बाईंनी हा दिनक्रम आखला त्यांचे वय तेव्हा अडतीस होते. तेरा-चौदा वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका मठात याच बाईंनी आपल्या धर्मगुरुभगिनीशी आज्ञापालनाच्या प्रश्नावर दीर्घ वाद घातला होता, आणि मनाला न पटलेली एकही गोष्ट केवळ अधिकारी सांगतो म्हणून मान्य करण्याचे नाकारले होते. या दोन रमाबाईंचा मेळ कसा घालावयाचा हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी बहुधा टाळलेला दिसतो. सुधारकांच्या परंपरेतील लेखकांनी त्यांचे धर्मांतर हा एक खेदकारक अपघात मानला, तर मिशनऱ्यांच्या परंपरेतील लेखकांनी त्याआधीची रमाबाई ही केवळ पूर्वतयारी मानली. विद्यार्थिनी म्हणून रमाबाई काय होत्या आणि शिक्षिका म्हणून काय झाल्या, या अंगाने त्यांच्या आयुष्याकडे पाहिले असता निराळे चित्र दिसू लागते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यास विद्यार्थी असताना त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवीत. स्त्री संस्कृत शिकू शकते हे दृश्य या तरुणाच्या मनावर कायमचे ठसले. पुढे चव्वेचाळिसाव्या वर्षी, पैठण येथे गोदाकाठी, त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी दुसरा विवाह केला आणि तिला शिकविण्यास आरंभ केला. ज्ञातीच्या पंडितांनी आक्षेप घेतला, तेव्हा उडुपी येथील धर्मसभेपुढे त्यांनी शास्त्राधारे आपला पक्ष मांडला. स्त्रीला काव्य, व्याकरण, पुराणे शिकविण्यास शास्त्राचा विरोध नाही हे त्यांनी सिद्ध केले. वेद मात्र त्यांनीही वगळले. हा तपशील महत्त्वाचा आहे. अनंतशास्त्र्यांचे बंड शास्त्राविरुद्ध नव्हते, शास्त्राच्या चालू अर्थाविरुद्ध होते. ग्रंथ वाचता येणारा मनुष्य ग्रंथाच्या नावाने बोलणाऱ्याला उत्तर देऊ शकतो, ही गोष्ट त्या घरात सिद्धांत म्हणून नव्हे, घडून गेलेली हकीकत म्हणून ठाऊक होती.

पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असतानाच कर्जापायी आश्रम सोडून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून, मजुराच्या डोक्यावरून या मुलीने अरण्य ओलांडले. पुढील सोळा वर्षे ती वाटच त्यांची पाठशाळा होती. वडील आता वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईकडे आले. घरकामाचा आणि यात्रेचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, झोपाळलेल्या मुलीला मांडीवर घेऊन लक्ष्मीबाई पाठ देत. पुस्तक क्वचित, मुखाने म्हणावयाचे, मुखाने धरावयाचे. भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंना बालवयातच मुखोद्गत झाले असे सांगितले जाते.

मराठी वाङ्मयात शाळेची आठवण निघाली की पंतोजीची छडी हटकून येते. रमाबाईंच्या आठवणींत छडी नाही, पण म्हणून ते शिक्षण सौम्य होते असे समजण्याचे कारण नाही. दिवसभराच्या पायपिटीनंतर आणि पुढच्या पायपिटीआधी हजारो श्लोक धारण करणे, बाहेरच्या मुलांत न मिसळणे, इंग्रजी वा व्यावहारिक विद्येला न शिवणे, उपवास आणि व्रते पाळणे, हे सारे प्रश्न न विचारता चालत असे. या शिस्तीची परीक्षा १८७४ पासूनच्या दक्षिणेतील दुष्काळात झाली. पुराणे सांगून मिळणारी दक्षिणा आटली. शारीरिक श्रम करून पोट भरण्याची कला त्या कुटुंबाला कोणी शिकविलीच नव्हती. उरले सुरले द्रव्य देवतांच्या प्रसन्नतेसाठी खर्च झाले, आणि दृष्टी गेलेले अनंतशास्त्री, पाठोपाठ लक्ष्मीबाई, नंतर थोरली मुलगी कृष्णाबाई असे एकेक जण गेले. आईच्या प्रेताला खांदा देण्यास माणसे पुरेनात, तेव्हा ठेंगण्या रमाबाईंनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांच्या सभेने या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्याहून अधिक महत्त्वाची दुसरी गोष्ट मागे पडते. स्त्रियांना त्यांची कर्तव्ये सांगावीत म्हणून धर्मशास्त्र वाचण्याची सूचना त्यांना तेथेच झाली, आणि केशवचंद्र सेन यांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. वडिलांनी जी रेषा ओलांडली नव्हती ती येथे ओलांडली गेली. धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना रमाबाईंच्या ध्यानात आले की बहुतेक विषयांत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथकार स्त्रीच्या हीनतेविषयी आणि पतीवाचून तिला गती नाही याविषयी मात्र एकमताने बोलतात. हा निष्कर्ष कोणा मिशनऱ्याने त्यांना पुरविलेला नव्हता. आईने पहाटे शिकविलेल्या व्याकरणाच्या बळावर, मुळातून वाचून, तो त्यांनी स्वतः काढला होता.

पुढील चार वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. १८८० मध्ये भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी पटकीने गेले. त्याच वर्षी पुण्यास आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाचे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढे साक्ष. वैद्यकाचे शिक्षण घ्यावे या इच्छेने १८८३ मध्ये त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनी आश्रय दिला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा मार्ग मात्र बंद झाला.

या बाप्तिस्म्यामागे नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादाचा वाटा मोठा होता. तेही मूळचे नीळकंठशास्त्री, काशीचे पंडित, आणि चित्पावन. म्हणजे नव्या धर्माच्या दारापर्यंतही रमाबाई शास्त्रार्थाच्याच वाटेने आल्या. वाँटेजच्या भगिनींना याची नीटशी कल्पना आली नसावी. बाप्तिस्मा म्हणजे त्यांच्या मते प्रश्नांचा शेवट. रमाबाईंच्या मते तो अध्ययनाचा आरंभ होता.

या काळातील पत्रव्यवहार भगिनी जेराल्डीन यांनी जपून ठेवला, त्यावर आपली टिपणे लिहिली, आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. धर्मशिक्षणातील अधिकाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला आधुनिक भारतीय वाङ्मयात याहून मोलाचा दस्तऐवज क्वचितच सापडेल. जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. या संबोधनात माया आहे, आदर आहे, आणि तेवढेच अंतरही आहे; आजीचे ऐकून घ्यावयाचे असते, पण घर चालविण्याचा अधिकार तिचाच असतो असे नाही.

वादाची कारणे वरवर पाहता क्षुल्लक दिसतील. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडे घातलेले पदार्थही वर्ज्य केले. जेराल्डीन यांना त्यात जातीचा अभिमान दिसला. मठाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती, कारण लॅटिन जशी त्यांना परकी तशीच त्यांच्या देशातील स्त्रियांना परकी. इंग्लंडची लॅटिन आणि भारताची संस्कृत यांत पवित्रतेच्या दृष्टीने भेद का मानावा, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात १८८४ पासून त्या शिकत व शिकवीत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकविण्याचा विषय निघाला तेव्हा मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांचे मत पुढे करण्यात आले: भारतात तिच्या कार्याला त्याने बाध येईल. भारतभर पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या बाईला भारतातील लोकमताची भीती इंग्लंडमध्ये घालण्यात आली, यातील विपर्यास रमाबाईंनी नेमका हेरला. आपल्या वतीने असे निर्णय घेण्याचा अधिकार कोणी कोणास दिला, असे त्यांनी विचारले. त्रिमूर्तीचा, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या एकत्वाचा सिद्धांत तर त्यांना पटतच नव्हता. न पटलेले वचन उच्चारण्यास त्यांचा नकार होता, आणि ते मनोरमेच्या मुखी घालू नये असाही आग्रह होता.

जेराल्डीन यांच्या बाजूने विचार केला पाहिजे. मठाच्या जीवनात आज्ञापालन हे व्रत असते. ते अज्ञानाचे लक्षण नव्हे, अहंकार मोडण्याची साधना असते, आणि स्वतः जेराल्डीन यांनी ती निष्ठेने आचरली होती. आपल्या परंपरेतही गुरुवचनाला प्रमाण मानणारे संप्रदाय कमी नाहीत. परंतु त्याच परंपरेत महानुभावांची महदाइसाही आहे; तिने स्वामींना सतत प्रश्न विचारले, आणि त्या पंथाच्या आद्य गद्याचा मोठा भाग त्या प्रश्नांमुळे आपल्या हाती आला. रमाबाई या दुसऱ्या धाटणीच्या शिष्या होत्या. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना हे उमगले. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना दीर्घ पत्रांतून उत्तरे दिली, आणि शंका दडपण्यापेक्षा त्या बोलू देणे बरे असे जेराल्डीन यांना सुचविले. जेराल्डीन यांची टिपणे पाहता त्यांना ते पटले नाही असे दिसते. हट्ट, गर्व, कृतघ्नता ही विशेषणे त्या टिपणांत पुनःपुन्हा भेटतात. अधिकाराला प्रश्न झोंबला की प्रश्न बाजूला राहतो आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वभावाचे परीक्षण सुरू होते. याला वाँटेज अपवाद नव्हते, आणि पुणेही नव्हते.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध केला आणि बॉस्टनमध्ये साहाय्यक मंडळ उभे केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील, मुलींवर कोणताही धर्म लादला जाणार नाही, हे आश्वासन होते. सदनात जातीचे नियम पाळले जात. गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, या तेथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर आदी सभासद बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या बाजूने असे म्हटले गेले की कोणीही मुलीला बोलावीत नव्हते, मग दार बंद का करावे? हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. ज्या घरात अन्न, वस्त्र, विद्या आणि भवितव्य या चारही गोष्टी एकाच व्यक्तीच्या हाती आहेत, त्या घरात त्या व्यक्तीचे उघडे दार हे निव्वळ उघडे दार राहात नाही. वाँटेज येथे जेराल्डीन यांच्या मायेचे वजन रमाबाईंना स्वतः जाणवले होते. तेच वजन आपल्या मायेलाही असू शकते हे त्यांच्या ध्यानात आले नाही, किंवा आले तरी सत्याच्या खात्रीपुढे त्यांनी त्यास गौण मानले. त्याच सुमारास त्यांचा धर्मानुभव बदलत होता. बुद्धीने पटलेला ख्रिस्त आता अंतःकरणाने भेटला अशी त्यांची भावना झाली होती. शंकेची भाषा त्यांच्या लेखनातून हळूहळू विरळ होत गेली.

अशा वेळी मध्य प्रांतातील दुष्काळ आला. वीस वर्षांपूर्वी स्वतः भोगलेल्या भुकेची आठवण रमाबाईंना तिकडे घेऊन गेली यात शंका नाही. आणलेल्या मुलींना पुण्यात ठेवणे प्लेगच्या बंदोबस्तामुळे अशक्य झाले, म्हणून केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर राहुट्या आणि छपरे उभी राहिली. यातूनच मुक्तिसदन आकाराला आले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुली उपासमारीने आजारी होत्या, रस्त्यावरच्या जगण्याने घाबरलेल्या आणि हिंसक झाल्या होत्या. अन्न चोरून लपवून ठेवीत. त्यांना आंघोळ, कपडे, वेळेवर जेवण यांची सवय लावणे हेच पहिले शिक्षण. घंटेवर उठणे, घंटेवर प्रार्थना, शाळा, मग विणकाम, शेती, गोशाळा, तेलघाणा, छापखाना. थोरल्या मुलीच्या हाताखाली धाकट्यांची तुकडी. बाजारात फसवून नेलेल्या स्त्रियांसाठी वेगळे कृपासदन. आपल्या आईवडिलांना जी कला कोणी शिकविली नव्हती, ती, म्हणजे हाताने श्रम करून जगण्याची कला, या मुलींना मिळालीच पाहिजे असा रमाबाईंचा कटाक्ष होता, आणि या एका बाबतीत त्यांची शिस्त मला केवळ समर्थनीयच नव्हे, अपरिहार्य वाटते.

धर्माच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. शारदासदनातील आश्वासन मुक्तिसदनात लागू नव्हते. ते ख्रिस्ती घर होते आणि मुलींचे बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले. जबलपूर-नरसिंहपूरकडच्या ज्या मुलीला मागे घर उरलेले नाही, जिला भुकेच्या तोंडातून काढणारी व्यक्ती सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेस उभी असते, तिने कोणत्या तराजूने मते तोलावयाची? वाँटेजच्या रमाबाईंपाशी संस्कृत होते, पंडिता ही पदवी होती, परत जाण्यास देश होता. या मुलींपाशी त्यांतले काही नव्हते. त्यांनी आपल्या शंका कोणास पत्राने कळविल्या नाहीत. त्या मुलींचा पत्रव्यवहार संपादित होऊन कोणत्या मंडळाने छापलेला नाही. मनोरमेलाही आईपासून वेगळी वाट अशी कधी नव्हती. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आल्यावर तिचे उरलेले आयुष्य आईच्या कार्यातच गेले आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी, संपले.

तरीही मुक्तिसदनाला वाँटेजची प्रतिकृती म्हणणे चूक ठरेल. १९०५ च्या जूनमध्ये तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, एकमेकींना उपदेश करू लागल्या. वर्ग बंद पडले, घंटा निरर्थक झाली. पाश्चात्त्य मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो थांबविला नाही. देवाची लेकरे ज्या रीतीने प्रार्थना करतील ती रीत त्यांच्या देशाची असू द्यावी, अशी त्यांची भूमिका राहिली. क्रुसावरील लॅटिन अक्षरांबद्दलचा जुना हट्ट येथे ओळखू येतो. आयुष्यभर तर्काने वाद केलेल्या बाईने या आक्रोशाला मोकळीक द्यावी हे विलक्षण आहे. परंतु ज्या मुलींपाशी तर्काची भाषा नव्हती त्यांना अधिकाऱ्याच्या मध्यस्थीवाचून बोलण्याची ती एकच भाषा तेव्हा उपलब्ध होती, असेही म्हणता येईल.

दुसरी भाषा देण्याचा प्रयत्न रमाबाईंनी आपल्या शेवटच्या सतरा-अठरा वर्षांत केला. बायबलची प्रचलित मराठी भाषांतरे संस्कृतप्रचुर आहेत, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ती कोणीतरी समजावून दिल्यावाचून कळत नाहीत, असे त्यांचे मत झाले होते. भागवत मुखोद्गत असलेल्या या पंडितेने संस्कृत शब्द गाळण्याचे काम हाती घेतले ही मराठी भाषेच्या इतिहासातील एक विचित्र घटना आहे. वार्धक्याकडे झुकत असताना, बहिरेपण वाढत असताना, त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, कोश आणि व्याकरणे जमविली, आणि मुळाशी ताडून एकट्याने संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते भाषांतर वाङ्मयीन दृष्ट्या सर्वत्र यशस्वी आहे असे नाही. शब्दनिष्ठेच्या आग्रहामुळे वाक्यरचना अनेक ठिकाणी आखडते, आणि साधेपणासाठी योजलेले शब्द कधी कधी अर्थाला अपुरे पडतात. चर्चमधून त्याचा फारसा प्रसार झाला नाही. पण वाचणाऱ्या बाईच्या आणि ग्रंथाच्या मध्ये पंडित, भगिनी, बिशप यांपैकी कोणी उभे राहू नये, हा त्यामागचा हेतू स्पष्ट आहे. स्वतः रमाबाईंनीही नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. मुद्रितांचे काम त्या अखेरपर्यंत पाहात होत्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात या ग्रंथाचे खिळे स्त्रियांनी जुळविले, फर्मे स्त्रियांनी छापले, पाने स्त्रियांनी दुमडून शिवली. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडला.